पाणी पीत पीत कोरडा पडलेला माणूस

मे महिन्याचा मध्य, दुपारचे अडीच. काकांना व्हीलचेअरवरून ओपीडीत आणलं तेव्हा त्यांच्या मांडीवर दोन लिटरची पाण्याची बाटली होती, अर्धी संपलेली. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी ठणठणीत, गालफडं आत. आणि तरी दर दोन मिनिटांनी ते बाटली तोंडाला लावत होते.

"पाणी तं पितोच आहे न मी," मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले. "माठच्या माठ रिकामा होते. तहान नाई जात."

काकू मागे उभ्या. "सिस्टर, हे दिवसभर पाणीच पितेत अन् सारं बॅगमध्येच येते."

काकूंचं हे वाक्य म्हणजे निदानच होतं. केस पेपरवर पुढचे दोन दिवस जे काही लिहिलं गेलं, ते या वाक्याचंच सविस्तर भाषांतर.

मी नागपुरात स्टोमा नर्स आहे. आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लागलेल्या माणसांना ती कशी लावायची, कशी रिकामी करायची, आजूबाजूची कातडी कशी जपायची, हे मी शिकवते. इथले काका मात्र एकच माणूस नाहीत. अशा तीन-चार रुग्णांचे कागद समोर ठेवून मी त्यांना उभं केलंय, म्हणजे कुणाचीच ओळख पटायला नको. आकडे अशा आजारात दिसतात तसेच आहेत.

आधीची हकीकत

वय 58. वरोऱ्याजवळचं गाव, थोडी कपाशी-सोयाबीनची शेती आणि घराच्या ओसरीत किराण्याचं दुकान. बीपी दहा वर्षांपासून. त्यासाठी रोज सकाळी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली एक गोळी. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ काढून आतडं पुन्हा जोडलं. तो जोड भरून येईपर्यंत तिथून मल जाऊ नये म्हणून लहान आतड्याचा एक वेढा पोटावर बाहेर काढून ठेवला. याला लूप इलिओस्टोमी म्हणतात. पिशवी तात्पुरती, काही महिन्यांनी बंद करायची.

मोठं आतडं शाबूत आहे, पण त्याच्याकडे काही पोचतच नाही, अशी ही अवस्था. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ परत शोषून घेण्याचं. रोज सव्वा-दीड लिटर पाणी ते अंगात परत घेतं, म्हणून एरवी शौचातून जेमतेम शंभर-दोनशे मिली पाणी बाहेर जातं. ते वाटेतून वगळलं की पिशवीत पातळसर मलच येणार. शरीर सरावलं की दिवसाला साधारण 500 ते 800 मिलीवर गोष्ट स्थिरावते. 1500 मिलीच्या पुढे रोज जायला लागलं की आम्ही त्याला 'हाय आउटपुट' म्हणतो आणि कान टवकारतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काका घरी गेले तेव्हा पिशवीतून 900 मिली येत होतं, वजन 64 किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढणारा आकडा) 1.0. सगळं ठीक. डिस्चार्ज कार्डावर छापील सूचना होती, "भरपूर पाणी प्या. तेलकट, तिखट, मीठ कमी." खाली स्टोमा नर्स म्हणून सही माझी.

एप्रिल संपता संपता

ऊन चढलं तशी पिशवी वाढली. नेमकं कशामुळे सुरू झालं ते सांगणं कठीण आहे. काकूंना एका लग्नातलं जेवण आठवतं. त्यानंतर दोन दिवस पिशवी पाण्यासारखी पातळ. तहान लागली म्हणून काकांनी पाणी वाढवलं. पाणी वाढलं तशी पिशवी वाढली, आणि पिशवी वाढली म्हणून तहान. मेच्या पहिल्या आठवड्यात ते दिवसाला साडेचार-पाच लिटर माठातलं पाणी पीत होते आणि पिशवी दहा-बारा वेळा रिकामी करत होते. मोजत कुणीच नव्हतं. मोजायला आम्ही सांगितलंच नव्हतं.

घरच्यांनी जे केलं ते आपल्यापैकी कुणीही केलं असतं. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45-46 वर असतो. माणूस गळून गेला, उठताना चक्कर येते, म्हणजे ऊन लागलं. उशाशी कांदा ठेवला. मुलगा वरोऱ्याहून रोज तीन शहाळी आणायचा. संध्याकाळी रसवंतीतून उसाचा रस, बर्फ घालून. मेडिकलवाल्याकडून 'ओआरएस' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेले सफरचंदाच्या चवीचे गोड टेट्रापॅक. आणि बीपीची गोळी? ती अगदी नियमाने. घरात सगळं चुकेल पण गोळी चुकणार नाही, असं काकूंनी अभिमानाने सांगितलं. भाजीही जवळजवळ अळणी, कारण बीपी आणि आमचं कार्ड.

रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. लघवी दिवसातून दोनदा, गडद पिवळी, तीही थोडीशीच. हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट खोदून विचारल्यावर निघाली. घामाने पिशवीचा चिकट भाग सुटायला लागला होता, एकदा दुकानात गिऱ्हाईक समोर असताना गळती झाली. तेव्हापासून काका दुपारी दुकानात बसायचं असलं की जेवतच नसत. म्हणजे पोटात जाणारं उरलंसुरलं मीठही गेलं.

आल्यावर

रक्तदाब 86/58, नाडी 118. वजन 57.5 किलो, म्हणजे सहा आठवड्यांत साडेसहा किलो कमी. त्यातला मोठा वाटा पाण्याचा. क्रिएटिनिन 3.4. सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, 124 (साधारण 135 ते 145 असायला हवं). पोटॅशियम 5.9, वाढलेलं. मॅग्नेशियम 1.1, घसरलेलं. पोटऱ्यांतल्या गोळ्यांचं एक कारण इथे सापडलं. लघवीतलं सोडियम 10 च्या खाली. म्हणजे मूत्रपिंडं मिठाचा कणही सोडायला तयार नव्हती. रक्तातले बाकी आकडे बिघडण्याच्या बरेच आधी ही तपासणी बोलायला लागते, आणि ती फारशी महागही नाही. तरी फार कमी ठिकाणी मागवली जाते.

डॉक्टरांनी आधी दुसरी कारणं तपासली. पोटात पू नाही ना, आतडं कुठे अर्धवट अडकलेलं नाही ना, मलात संसर्ग नाही ना. हे पहिल्यांदा बघावंच लागतं, कारण पिशवी पातळ करणारी ही कारणं आत दडलेली असताना नुसतं मल घट्ट करणारं औषध देणं धोक्याचं. काही नव्हतं.

मग पुढचा हुकूम आला आणि वॉर्डात भांडण झालं. सलाइन सुरू करा, आणि पिण्याचं साधं पाणी बंद. तोंड ओलं करायला दिवसभरात अर्धा लिटर, बस्स.

"माणूस तहानेनं मरून राह्यला अन् तुम्ही पाणी बंद करता?" काकू माझ्यावरच ओरडल्या. मुलाने मोबाइल काढून कुणाला तरी फोन लावला. काकांनी बाटली छातीशी धरली.

तेव्हा मी त्यांना काकडीचं उदाहरण दिलं. कोशिंबिरीला काकडी चोचवून मीठ लावलं की पाणी सुटतं. पाणी मिठाकडे धावतं, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. लहान आतड्याच्या वरच्या भागाची भिंत फार सैल असते. तिथे मीठ नसलेलं पाणी आलं की भिंतीतून, म्हणजे रक्तातून, मीठ आतड्यात उतरतं आणि त्याच्यामागे पाणीही. आतल्या द्रवात लिटरमागे साधारण 90 मिलीमोल (सोडियम मोजायचं एकक) सोडियम असल्याशिवाय आतड्याचा हा भाग मीठ नीट आत घेतच नाही. तुमच्या-माझ्या पोटात हे बिघडत नाही, कारण पुढे मोठं आतडं बसलेलं असतं, सगळं परत गोळा करायला. काकांकडे तो राखणदार नव्हता. प्रत्येक ग्लास साधं पाणी अंगातलं थोडं मीठ घेऊन पिशवीत उतरत होतं.

काकूंचा राग गेला तो मात्र काकडीमुळे नव्हे, हिशोबामुळे. शेवटी त्या दुकान चालवणाऱ्या बाई. पिशवीतल्या द्रवात लिटरमागे सुमारे 100 मिलीमोल सोडियम असतं. पहिल्या दिवशी आम्ही मोजलं तर पिशवीतून अडीच लिटर आलं. म्हणजे 250 मिलीमोल, आणि मिठाच्या भाषेत साडेचौदा ग्रॅम. चहाचे जवळजवळ अडीच सपाट चमचे मीठ रोज अंगातून बाहेर. वरून घामातलं वेगळं. विदर्भातला उन्हाळा कोरडा, घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो, म्हणून गेलेला कळतही नाही. आणि जमेच्या बाजूला? अळणी भाजी, दुपारी उपास आणि पाच लिटर पाणी.

"म्हंजे उधारीच उधारी," काकू म्हणाल्या. मी पुढच्या रुग्णांना समजावताना हा शब्द वापरते.

घरचे उपाय कुठे फसले

शहाळं. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने कमी. निरोगी माणसाला उत्तम. पण मूत्रपिंडं मंदावलेली असताना आणि टेल्मिसार्टनसारखी पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी चालू असताना रोज तीन शहाळी म्हणजे आगीत तेल. 5.9 या आकड्यात शहाळ्यांचा वाटा होताच. ईसीजी लगेच काढला. सुदैवाने त्यात बदल नव्हते.

उसाचा रस. फार गोड द्रव आतड्यात आला की तो पातळ करायला आतडं स्वतःचं पाणी ओततं. परिणाम तोच, पिशवी भरते.

टेट्रापॅकबद्दल मला अजून राग आहे. ओआरएस म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच्या 2002 पासूनच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. एकूण साडेवीस ग्रॅम पूड. त्या फळांच्या चवीच्या पेयांत साखर याच्या कितीतरी पट आणि मीठ नावाला. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरण्याची परवानगी काढून घेतली. काकांच्या वेळी ती उघड विकली जात होती, आणि घेणाऱ्याला वाटायचं की आपण औषधच घेतोय.

आणि बीपीची गोळी. रक्तदाब 86 असताना लघवी वाढवणारं औषध आणि मूत्रपिंडाच्या रक्तप्रवाहाची सावरण्याची सोय काढून घेणारं औषध, दोन्ही रोज सकाळी पोटात. जुलाब, उलट्या किंवा पिशवी खूप वाढली असेल त्या दिवशी ही गोळी घ्यायची की थांबवायची, हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं असतं. आम्ही घरी पाठवताना हे तोंडी सांगितलं असेल, नसेल. कार्डावर नव्हतं.

उपचार

तीन दिवस सलाइन, लिटरमागे 154 मिलीमोल सोडियम असलेलं साधं नॉर्मल सलाइन. घाई केली नाही. फार दिवस खाली राहिलेलं सोडियम झपाट्याने वर नेलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून 24 तासांत 8 ते 10 च्या वर चढू द्यायचं नाही. मॅग्नेशियम शिरेतून. बीपीची गोळी बंद. संसर्ग नाही याची खात्री झाल्यावर लोपेरामाइड या मल घट्ट करणाऱ्या औषधाच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून चार वेळा, जेवणाआधी अर्धा तास. जेवणानंतर घेतली तर तिचा बराच उपयोग वाया जातो, आणि बहुतेक लोक जेवणानंतरच घेतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी बाटली मागितली नाही. मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, "तहान नाई लागली." दोन आठवड्यांत पहिल्यांदा. पिशवी अडीच लिटरवरून दीडवर आली होती, आणि ती लोपेरामाइडने जितकी उतरली तितकीच साधं पाणी थांबवल्याने. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन 1.4, सोडियम 134, पोटॅशियम 4.6.

पिण्यासाठी त्यांना बाजारातल्या ओआरएसच्या पुडीऐवजी सुरुवातीला दुसरं मिश्रण दिलं, कारण पुडीत पोटॅशियम असतं आणि ते अजून नको होतं. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र घरात करता येतं. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज पावडर, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. सोडियम लिटरमागे बरोबर 90 मिलीमोल. सोडा म्हणजे साधा खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे. दुकानातला सोनं तोलायचा असतो तसा छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. काकांकडे मसाले तोलायचा होता. 24 तासांनी उरलेलं फेकायचं. चव, खरं सांगायचं तर, समुद्राच्या पाण्यात कुणी साखर टाकल्यासारखी. फ्रिजमध्ये गार करून, लिंबाचे दोन थेंब टाकून, स्ट्रॉने घोट घोट घेतलं तर जातं.

साखर आणि मीठ एकत्रच का, हे मुलाने विचारलं. आतड्याच्या पेशींवर असं एक दार आहे की ज्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात, आणि पाणी त्यांच्यामागून. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती, सलाइन संपलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून पाजलं. त्यांच्या छावणीतला मृत्युदर तीसेक टक्क्यांवरून चारच्या खाली आला. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मुलाने हे ऐकल्यावर बापाला खारट पाणी पाजायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. माझ्या समजावण्यापेक्षा त्या छावणीने जास्त काम केलं.

घरी जाताना, दुसऱ्यांदा

या वेळी कार्डावरची छापील ओळ मी पेनने खोडली.

दिवसाचं एकूण पिणं साधारण दोन लिटर. त्यातलं एक लिटर मिठा-ग्लुकोजचं. साधं पाणी, चहा, सरबत सगळं मिळून पिशवी स्थिरावेपर्यंत एक लिटरच्या आत. जेवताना पाणी नाही. अर्धा तास आधी किंवा नंतर. भाजीत मीठ नेहमीसारखं, ताकात मीठ, पन्ह्यात गूळ कमी आणि मीठ जास्त, सोबत पापड. बीपीवाल्या माणसाला पापड खा म्हणताना माझीच जीभ अडखळली. पण त्यांचा रक्तदाब गोळीशिवाय 118 होता, आणि गोळी पुन्हा कधी, किती, ते फिजिशियन पंधरा दिवसांनी ठरवणार होते. मल घट्ट व्हायला मऊ भात, साबुदाणा, केळं, उकडलेला बटाटा. केळं-बटाट्यात पोटॅशियम असतं, म्हणून ते पुढच्या रक्ततपासणीनंतरच. तर्रीपोह्यांतले पोहे चालतील, तर्री नको. यावर काकांनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, आणि मला बरं वाटलं.

हे सगळं काकांसारख्या पिशवी वाढलेल्या माणसासाठी आहे, हे मी काकूंना दोनदा बजावलं. पिशवी 700-800 वर शांत असेल, लघवी स्वच्छ होत असेल, तर इलिओस्टोमीवाला माणूस साधं पाणी पिऊ शकतो. मोठ्या आतड्याची पिशवी असेल, म्हणजे कोलोस्टोमी, तर हिशोब आणखी वेगळा. गावात दुसऱ्या कुणाला पिशवी असली म्हणून काकांचं कार्ड त्याला द्यायचं नाही.

एक मोजमापाचा मग दिला. पिशवी रिकामी करायची ती त्यात, मग संडासात. वहीत तीन रकाने. पिशवी, लघवी, आणि सकाळी संडास-तोंड धुणं झाल्यावरचं वजन. एका दिवसात एक किलो घटलं तर ते मांस नव्हे, एक लिटर पाणी आहे. पिशवी सलग दोन दिवस 1500 च्या वर, सात-आठ तास लघवी नाही, उठताना अंधारी, किंवा माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागला तर फोन, आणि फोन लागला नाही तर गाडी. पिशवी अचानक बंद पडून पोट दुखायला, उलटी व्हायला लागली तर तो आतडं अडकल्याचा इशारा. तेव्हा घरी काहीही पाजत बसायचं नाही.

पिशव्यांचा साठा टिनाच्या छपराखालून हलवायला सांगितला. उन्हाने त्यांचा चिकट भाग मऊ होतो आणि मग अंगावर टिकत नाही. घाम येतो म्हणून पिशवी आता पाच दिवसांऐवजी तीन दिवसांनी बदलायची, वर पट्टा. खर्च वाढला. पण गळतीची भीती गेल्याशिवाय हा माणूस दुपारी जेवणार नव्हता, आणि जेवला नाही तर बाकीचं सगळं फुकट.

नवतपा

25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला. मी रोज संध्याकाळी फोन करायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला. पिशवी 1700, दुपारी कूलर बंद, लाइट चार तास नव्हती. मी विचारलं, पाणी किती? "साधं दोनच गिलास. बाकी तुमचं ते खारट." लघवी? 900. वजन? कालच्यापेक्षा तीनशे ग्रॅम कमी. मी म्हटलं खारट पाणी अर्धा लिटर वाढवा, दुपारचा भात घट्ट करा, लोपेरामाइडची वेळ चुकली होती का ते बघा. चुकली होती, गिऱ्हाईक होतं म्हणून जेवण झाल्यावर घेतली होती. सकाळी पुन्हा फोन. पिशवी 1250.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते तपासणीला आले. क्रिएटिनिन 1.1, वजन 61. बीपी थोडं चढलं होतं. फिजिशियनने लघवी वाढवणारा भाग नसलेली कमी ताकदीची गोळी लिहिली आणि पिशवी वाढली तर ती बंद करायची हे वहीच्या पहिल्या पानावर काकूंकडून लिहून घेतलं. किमोथेरपी सुरू व्हायची होती, त्यामुळे पिशवी बंद करण्याचं ऑपरेशन पुढे गेलं.

वही मी चाळली. किराण्याच्या उधारीची जुनी लाल वही, मागच्या बाजूने सुरू केलेली. डाव्या पानावर 'गेले', उजव्या पानावर 'आले', प्रत्येक दिवसाखाली बेरीज. एका पानावर काकूंनी चौथा रकाना आखला होता, 'पापड', आणि त्यात रोज दोन, दोन, तीन, दोन.